सोळापैकी सोळा

रिलेचे, म्हणजे विजेने हलणाऱ्या त्या छोट्या स्विचचे, आवाज दोन होते. वीज आत गेली की आतली पट्टी ओढली जाऊन टक् व्हायचं. वीज तुटली की स्प्रिंग ती पट्टी मागे टाकायची, तेव्हा टप्. फरक फार नव्हता. पहिला आवाज नखाने बशीवर मारल्यासारखा, दुसरा बोटाच्या गादीने मारल्यासारखा. काड्यापेटीच्या निम्म्या आकाराची ती निळी डबी मेरिलिनच्या खुर्चीपासून हाताच्या अंतरावर, छोट्या टेबलाखाली, लाकडी फळीवर स्क्रूने बसवलेली होती, आणि फळीमुळे दोन्ही आवाज जरा मोठे होऊन येत. फ्रिज बंद, पंखा बंद, खिडक्या बंद असल्या की टक् आणि टप् हे त्या घरातले सगळ्यांत स्पष्ट आवाज असत. तरीही तीन वर्षांत ते तिच्याशिवाय कोणाच्या कानी पडले नव्हते. तिच्या नवऱ्याच्या, डेसच्या नाही, कारण चाचणी चालू असताना तो स्वतःला मागच्या शेडमध्ये कोंडून घ्यायचा. आपल्या चेहऱ्यावरून तिला उत्तर कळू नये म्हणून. डेसच्या मित्राच्या, नॉर्मच्या नाही, कारण तो भिंतीपलीकडे धुण्याच्या खोलीत नाणं उडवत बसायचा, आणि तसाही तो डाव्या कानाने बहिरा होता. आज, नोव्हेंबरातल्या या शनिवारी दुपारी, मेरिलिन नेहमीसारखी डोळे मिटून, हात मांडीवर ठेवून त्या आवाजाची वाट बघत बसली, आणि आवाज आलाच नाही. आधी नुसती शांतता होती, मग एकदम गाणं सुरू झालं.

"पहिलं!" भिंतीपलीकडून नॉर्म ओरडला. "ए की बी?"

प्रयोगशाळेतल्या ब्युरेटची तोटी फिरवून थेंबाची वाट बघावी आणि थेंब पडूच नये, तसं काहीतरी तिच्या मनगटापाशी झालं. तिने डोळे उघडून टेबलाखाली पाहिलं. फळी तिथेच होती. फळीवर निळ्या डबीच्या जागी एक काळी, चपटी, गुळगुळीत वस्तू होती, आणि तिच्या चार पायांवरचा डाख अजून नवा चकचकीत होता. गाणं चालू होतं. गाणं म्हणजे चाळीस सेकंदांचा तोच तुकडा, डेसने नोकरीत असताना सँडी बेच्या चर्चमध्ये स्वतः ध्वनिमुद्रित केलेला. अठरा बायका गातात आणि एकतिसाव्या सेकंदाला त्यांतली कोणीतरी खोकला दाबते. मेरिलिनने तो खोकला इतक्या वेळा ऐकला होता की ती बाई रस्त्यात भेटली असती तर तिने तिला खोकल्यावरून ओळखलं असतं. तिने कान देऊन ऐकलं. प्रामाणिकपणे, सगळं लक्ष देऊन. अठरा बायका गायल्या, खोकला आला, तुकडा संपला. हे दोन डब्यांपैकी ए मधून येतंय की बी मधून, हे सांगण्यासारखं त्यात काहीही नव्हतं. पूर्वीही कधी नव्हतं.

"बाईसाहेब, झोपलात काय?"

"बी," ती म्हणाली. नुसता अंदाज.

गाणी आता आकडे होऊन साठवलेली असतात, आणि कोणालातरी ते आकडे पुन्हा विजेचा कमी-जास्त दाब करून द्यावे लागतात, तेव्हा कुठे स्पीकरचा पडदा हलतो. ते काम करणारा डबा डेस घरी बनवत होता. दुकानात तसा डबा मिळतो, त्यात नखाएवढी एक चिप असते आणि ती सगळं करते. डेसला चिप नको होती. त्याला शिडी हवी होती: रेझिस्टरांची, वीज अडवणाऱ्या छोट्या तुकड्यांची, लांबच लांब शिडी, जिची प्रत्येक पायरी आधीच्या पायरीच्या बरोबर निम्मी. बरोबर म्हणजे बरोबर. दहा हजारांत एकाचीही चूक नको. त्यासाठी त्याने हजारो रेझिस्टर मागवले होते आणि मेरिलिनने ते मीटरवर एकेक मोजून, अंड्यांच्या रिकाम्या खोक्यांत वेगळे केले होते. ते काम तिला आवडलं होतं, हे ती नाकारत नव्हती. लहानपणी ह्युऑन नदीकाठच्या बागेत बापाच्या हाताखाली तिने सफरचंदं अशीच आकाराप्रमाणे वेगळी केली होती, आणि पुढे एकतीस वर्षं पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत याहून वेगळं काही केलं नव्हतं. मोजणं तिला कधीच जड गेलं नाही. जड जात होतं ते हे, की मोजून झाल्यावरही काहीच संपत नव्हतं. पहिला बोर्ड झाला, मग दुसरा, मग दुसऱ्याच्या सुधारणा, आणि आता तिसरा. आणि प्रत्येक बोर्डाच्या शेवटी हीच खुर्ची, हीच फळी, हाच खोकला.

"दुसरं!"

"ए."

आणि सोमवार. परवा सोमवार होता. सोमवारी तिला तारावाला उत्तर द्यायचं होतं. तारावा हे महासागरातलं चिंचोळं बेट, आणि तिथल्या विहिरींत समुद्र झिरपत होता. तिथे एक छोटी प्रयोगशाळा उभी राहिली होती, दोन मुली क्षारांचं मीटर वाचायला शिकल्या होत्या, पण त्यांनी वाचलेलं बरोबर की चूक हे बघणारं कोणी नव्हतं. दोन वर्षांचं काम, राहायला खोली, जेवणापुरता भत्ता. पहिल्यांदा विचारणा झाली त्याला आता दोन वर्षं होत आली. तेव्हा डेस म्हणाला होता, जाऊ या ना, दोघं जाऊ, एवढा दुसरा बोर्ड होऊ दे. दुसऱ्यांदा विचारणा झाली तेव्हा म्हणाला, या सुधारणा होऊ देत, अर्ध्यावर टाकून गेलो तर परत आल्यावर माझं मलाच कळणार नाही. आता तिथल्या तेरेतियाने, जिला मेरिलिनने फक्त फोनच्या पडद्यावर पाहिलं होतं, एवढंच लिहिलं होतं: 'विमान फेब्रुवारीच्या बारा तारखेचं आहे. तुम्ही येणार की नाही ते सोमवारपर्यंत सांगा, नाहीतर आम्ही दुसऱ्या कोणाला विचारू. खोलीला रंगही द्यायचा आहे.' रंगाचं ते वाक्य मेरिलिनला आठवडाभर छळत होतं. हजारो मैलांवर कोणीतरी ब्रश हातात घेऊन उभं आहे, आणि इथे आपण फ्रिज बंद करून बसलोय.

फ्रिज बंद असायचा कारण त्याची घरघर चाचणीत येते. तो पुन्हा चालू करायचं विसरू नये म्हणून डेस मोटारीच्या किल्ल्या फ्रिजमध्ये ठेवायचा. ध्वनिमुद्रणवाल्यांची जुनी खोड. किल्ल्या हव्या असतील तर दार उघडावं लागतं, दार उघडलं की आतला दिवा लागत नाही, मग आठवतं. युक्ती चांगली होती. फक्त तिच्यामुळे चाचणीच्या शनिवारी दुपारी दोन ते चार मेरिलिनला घराबाहेर पडायचं असेल तर लोण्याच्या शेजारून थंड किल्ल्या काढाव्या लागायच्या, आणि तेवढ्यासाठी कोण उठतं? मागच्या उन्हाळ्यात बहीण सिग्नेटहून भेटायला आली होती. ती म्हणाली होती, "तुमच्याकडे किल्ल्याही गारठतात गं." मेरिलिन हसली होती. आता ते हसणं आठवून तिला वैताग आला. आपण फार ठिकाणी हसलो, असं वाटलं.

तिसरं, चौथं, पाचवं. ती ए म्हणाली, ए म्हणाली, बी म्हणाली. शेजारच्या घरात कोणीतरी गवत कापायचं यंत्र सुरू करण्यासाठी दोरी ओढत होतं. चार वेळा ओढली, शिवी हासडली, सोडून दिलं. ती मनातल्या मनात त्या माणसाची आभारी झाली आणि लगेच स्वतःवर चिडली, कारण यंत्र सुरू झालं असतं तर चाचणी पुढच्या शनिवारवर गेली असती.

त्या पहिल्या ऑगस्टमध्ये असं काही ठरवून झालं नव्हतं. डेसची नोकरी जाऊन सात महिने झाले होते. चौतीस वर्षं तो डोंगरावरचं रेडिओ प्रक्षेपण केंद्र सांभाळत होता. मग ते काम समुद्रापलीकडच्या कुठल्याशा शहरातल्या एका खोलीतून होऊ लागलं, आणि डेसला एक केक, एक घड्याळ आणि एक चेक मिळाला. त्यानंतर तो शेडमध्ये जाऊन बसायचा. काही करायचा नाही, नुसता बसायचा. दिवाही लावायचा नाही. शिडीची कल्पना नॉर्मची, म्हणजे नॉर्मने कुठल्यातरी मासिकातलं कात्रण आणून दिलं होतं. नॉर्म फेरीबोटींची इंजिनं दुरुस्त करायचा आणि निवृत्त झाल्यापासून म्हाताऱ्यांच्या सामायिक कार्यशाळेत मंगळवारी-गुरुवारी खुर्च्यांचे पाय बसवायचा. डेसने पहिला बोर्ड पाच महिन्यांत पुरा केला. मापं चांगली आली: मूळ सुराशेजारी मापयंत्राच्या पडद्यावर जी खोटी रेघ उमटते ती इतकी खाली होती की मेरिलिनच्या भाषेत सांगायचं तर पोहण्याच्या तलावात टाकलेली मिठाची चिमूट. आहे, पण कोणाच्या जिभेला लागणार नाही. हे ती डेसला म्हणाली होती. त्यावर तो म्हणाला, म्हणूनच तर जीभ लावून बघायची. आणि त्याने ती चाचणी आखली, इतक्या निगुतीने की तिला त्याचा अभिमान वाटला होता: ए म्हणजे दुकानातला डबा, बी म्हणजे घरचा; दोघांचा आवाज मीटर लावून केसभरही फरक न ठेवता सारखा केलेला; निवड नाण्यावर, राणीची बाजू आली तर ए, प्लॅटिपस या प्राण्याची आली तर बी, आणि त्याप्रमाणे नॉर्म पलीकडून बटण दाबणार; डबे कापडाखाली; माणसं तीन खोल्यांत. सगळं झाकलं होतं. फक्त सुरुवातीला ओळख म्हणून जेव्हा नॉर्मने एकदा ए आणि एकदा बी वाजवून दाखवला, तेव्हा बीच्या आधी टक् झालं आणि एच्या आधी टप्, आणि तिला ते कळलं. काहीच झालं नाही तर मागचाच डबा चालू आहे, हेही कळलं. सोळा वेळा तिने उत्तरं दिली आणि सोळाही वेळा मनात म्हणत होती की झालं की सांगू. शास्त्र शिकलेली बाई असले दोष टिपण्यासाठीच असते. मग नॉर्मने कागद तपासला, टोपी छताकडे फेकली, आणि डेस शेडमधून चालत आला. सोळापैकी सोळा. नुसत्या नशिबाने असं व्हायची शक्यता पासष्ट हजार पाचशे छत्तीसांत एक.  त्याने खुर्चीमागे उभं राहून तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि तो हात जड होता, आणि गरम होता, आणि त्याला डाखाचा वास येत होता, आणि सात महिन्यांत पहिल्यांदा तो तिच्या डोक्यावर आला होता. उद्या सांगू, असं तिला वाटलं.

"नववं! लवकर, माझा पाय मुंग्यांनी भरलाय."

"बी."

उद्या सांगणं सोपं असतं. आठवड्यानंतर सांगायला कारण द्यावं लागतं, महिन्यानंतर तर माफी मागावी लागते. नॉर्मने तो कागद काच लावून चौकटीत बसवून आणला. कार्यशाळेतल्या सगळ्यांना सांगितलं. कोणी ॲम्प्लिफायर घेऊन दारात येऊ लागलं, वहिनींनी जरा कान लावावा म्हणून. तीन वर्षांत मेरिलिनला अकरा वेळा सर्दी झाली. पण डेसच्या चाचण्यांतून सुटका नव्हती. पुढच्या चार चाचण्यांत तिने रिले ऐकून उत्तरं दिली. एकदा, संशय येऊ नये म्हणून, मुद्दाम दोन चुकवली. त्या दोन चुकांवरून डेसने कपॅसिटरांचा सबंध संच उपटून टाकला आणि नवा बसवायला अख्खा हिवाळा घालवला. एकदा त्याने विचारलं, फरक नेमका काय वाटतो? काहीतरी म्हणायचं म्हणून ती म्हणाली, "बी जरा… मोकळं वाटतं." तो शब्द त्याने वहीत लिहून ठेवला, खाली दोन रेघा ओढल्या, आणि तिसरा बोर्ड त्या मोकळेपणासाठी होता. आपल्या तोंडून सुटलेल्या एका बिनबुडाच्या शब्दासाठी एक माणूस चौदा महिने डाख देत बसला, हे ती रोज बघत होती. प्रयोगशाळेत एकदा एका नव्या मुलीने कंटाळून कालचेच आकडे आजच्या रकान्यात लिहिले होते. मेरिलिन तिला म्हणाली होती, "एक आकडा खोटा लिहिलास की त्याच्यावर उभे राहिलेले सगळे खोटे." मुलगी रडली होती. मेरिलिनने तिला रडू दिलं होतं.

आणि त्याच्याही मागे जायचं तर डोंगर होता. ती चोवीस वर्षांची, तो सव्वीसचा, केंद्राच्या पायऱ्यांवर बर्फ. त्याने तिला आत नेऊन एका करड्या कपाटाशेजारी उभं केलं आणि म्हणाला, "ऐक. विजेच्या पन्नासच्या गुणगुणीखाली आणखी एक सूर आहे. येतोय?" तिला पंख्यांची घरघर येत होती आणि गारठलेल्या बोटांत ठणका येत होता. त्याचा चेहरा इतका जवळ होता, इतका उत्सुक होता. "हो," ती म्हणाली होती. सदतीस वर्षं झाली. तो सूर तिथे खरंच होता की नव्हता, हे तिने नंतर कधी विचारलं नाही.

"सोळावं, आणि शेवटचं! ए की बी?"

"ए," ती म्हणाली, आणि डोळे उघडले.

नॉर्म कागद घेऊन आला तेव्हा त्याच्या चष्म्याला काडीऐवजी लावलेली तार कानामागून सुटली होती. त्याने दोनदा मोजलं. मग शेडच्या दिशेने हाक मारली, "डेस, ये बाबा. आणि येताना कशाचातरी आधार धरून ये."

"किती?" डेसने दारातूनच विचारलं.

"सात."

"सोळापैकी?"

"नाही, सातापैकी सात, आणि उरलेले नऊ मी खाल्ले. सोळापैकीच. बाईसाहेबांचे सोन्याचे कान गंजले." नॉर्म मेरिलिनकडे वळला. "सर्दी आहे का पुन्हा?"

"नाही."

"मग मेण असेल. माझ्या डाव्या कानातून एकदा वाटाण्याएवढं निघालं होतं. तरी ऐकू आलं नाही ते सोडा."

डेसने कागद घेतला आणि खिडकीपाशी नेऊन वाचला, जणू उजेडात तो आकडा वाढणार होता. मेरिलिन त्याच्या पाठीकडे बघत होती. स्वेटरच्या कोपराला तिने लावलेलं ठिगळ होतं, त्यावर डाखाचा एक थेंब घट्ट बसला होता. आता तो म्हणेल, असं तिला वाटलं, की फरक नाहीच. आता तो स्वतःच म्हणेल आणि आपल्याला काही बोलावं लागणार नाही. तिचे खांदे सैल व्हायलाही लागले होते.

"तिसरा बोर्ड बिघडवला मी," डेस म्हणाला.

"काय?"

"दुसऱ्यात तू ओळखत होतीस. आता ओळखता येत नाही. म्हणजे तो मोकळेपणा गेला. आकड्यांना ठेका देणारी घड्याळाची चिप बदलली तिथेच चूक झाली, मला तेव्हाच वाटलं होतं. आता असं करायचं, दुसऱ्याच्या आराखड्यावर परत जायचं, रेझिस्टर नवे मागवायचे, ते यायलाच आठ आठवडे लागतील. फेब्रुवारी. मार्च धर."

"डेस, सोमवारी मला उत्तर द्यायचंय."

"कुणाला? हां. दे ना. सांग त्यांना, मे."

"मे चालणार नाही. त्यांनी लिहिलंय तसं."

"लिहितात गं. आठ आठवड्यांचा तर प्रश्न. अर्ध्यावर टाकून कसं जाणार?"

"हे असंच बोलायचास मागच्या वर्षी," नॉर्म म्हणाला. "शब्दाला शब्द. मी ध्वनिमुद्रित करून ठेवायला हवं होतं."

"तू चहा टाक."

"किटली लावायची की तीही चाचणीत येते?"

मेरिलिन उठली नाही.   तिने टेबलाखालच्या त्या काळ्या वस्तूकडे बोट दाखवलं. "जुना रिले का बदललास?"

"त्याचे संपर्क काळे पडले होते. हा नुसता अर्धवाहक आहे, आत हलणारं काही नाही. का?"

"तो वाजायचा."

"कोण?"

"रिले. बी-कडे गेला की टक्, ए-कडे आला की टप्. गप्प राहिला म्हणजे मागचंच. मी गाणं ऐकत नव्हते, डेस. मी रिले ऐकत होते."

नॉर्म किटली हातात धरून स्वयंपाकघराच्या दारात थांबला. "कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. सगळे सोळा. नंतरचे सगळे. आणि ते चुकलेले दोन मी मुद्दाम चुकवले होते. मोकळं वगैरे मला काही वाटलं नव्हतं. ए आणि बीमध्ये मला फरक कधीच ऐकू आला नाही. एकदाही नाही."

डेस शेडमध्ये गेला. इतक्या शांतपणे गेला की तिला वाटलं तो आता दिवा न लावता तिथे बसेल, आणि तीन वर्षं आपण ज्याला भीत होतो ते आज संध्याकाळपर्यंत होऊन जाईल. पण खण उघडल्याचा आवाज आला, आणि तो जुनी निळी डबी आणि वीज देणारा छोटा खोका घेऊन परत आला. डबी त्याने फळीवर ठेवली, तारा टेकवल्या. टक्. उचलल्या. टप्. गुडघे टेकून त्याने कान फळीजवळ नेला. टक्. टप्. टक्.

"मला तर काही येत नाही," नॉर्म म्हणाला.

"तुला मोटारीचा भोंगा येत नाही." डेसने आणखी दोनदा तारा टेकवल्या. मग मान वर न करता म्हणाला, "फळी. लाकडाच्या फळीवर बसवला मी तो. गिटारीसारखा. आवाज केसभर सारखा केला, डबे झाकले, स्वतःला कोंडून घेतलं, आणि हा इथे, हिच्या कानाशी…" त्याने तारा खाली ठेवल्या. "त्या ऑगस्टमध्ये तुला माझी दया आली होती का, लिन?"

"हो."

त्याने मान हलवली. भिंतीपाशी जाऊन ती चौकट खिळ्यावरून काढली, काचेवरून बाही फिरवली, आणि ती कुठे ठेवावी हे न कळून तशीच छातीशी धरून उभा राहिला. काचेच्या मागे नॉर्मचं वाकडंतिकडं अक्षर होतं, सोळा बरोबरच्या खुणा. मेरिलिनला वाटलं, आता बोल. आता ओरड, ती चौकट आपट, काहीतरी कर, म्हणजे मलाही काहीतरी करता येईल.

"म्हणजे," डेस हळूहळू म्हणाला, "आपल्याला माहीतच नाही."

"काय माहीत नाही?"

"फरक आहे की नाही ते. सोळा बाद. चौदा बाद. सगळेच बाद. पण याचा अर्थ फरक नाही असा होत नाही! दुसऱ्या बोर्डाची खरी चाचणी झालेलीच नाही. कधीच नाही. लिन, आज पहिल्यांदा आपल्याकडे बिनआवाजाचा स्विच आहे. दुसरा बोर्ड शेडमध्ये तसाच पडलाय. लावायला दहा मिनिटं, चाचणीला अर्धा तास." त्याचा चेहरा उजळत होता, कपाळापासून खाली. तो चेहरा तिने डोंगरावर पाहिला होता.

"अरे, तू रागवायला हवंस," नॉर्म म्हणाला. "बायकोने तुला तीन वर्षं फसवलं. मला फसवलं. मी जगभर सांगत फिरलो. मी चौकट केली त्याची, सागवान वापरलं! मी रागावलोय."

"रागवेन ना," डेस म्हणाला. चौकट त्याने खुर्चीवर ठेवून दिली होती आणि तो दाराकडे निघालाही होता. "आधी हे होऊ दे."

आधी हे होऊ दे. मेरिलिनने ते वाक्य ऐकलं आणि ते तिच्यात कुठे जाऊन पडतं ते पाहिलं, एखाद्या नमुन्याच्या बाटलीत गाळ खाली बसताना पाहावा तसं. त्याचा रागसुद्धा रांगेत उभा होता. तारावा, किल्ल्या, आपला अपराध, त्याचं दुःख, सगळं बोर्डाच्या मागे एका ओळीत, आणि बोर्ड संपणार नव्हता, कारण आजचा आकडा काहीही आला तरी त्यातून पुढचा बोर्ड निघणार होता. फरक आला तर तो वाढवायला, नाही आला तर तो आणायला. ही शिडी वर कुठे टेकलेलीच नव्हती. आणि हेही तिने पाहिलं, आणि ते पाहून तिला सगळ्यांत जास्त वैताग आला, की तीन वर्षं ती बोर्डाला दोष देत आली होती आणि त्या रांगेत आपल्या पायांनी उभी होती. रिलेबद्दल न सांगणं आणि तारावाला उत्तर न देणं या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्या. खरं सांगितलं असतं तर चाचणी संपली असती, चाचणी संपली असती तर जायचं की नाही हे तिला सांगावं लागलं असतं. त्याचा बोर्ड होऊ दे, असं तीही मनात म्हणतच होती. त्याच्याइतकंच.

डेस दुसरा बोर्ड घेऊन आला. तारा जोडल्या, मीटर लावून आवाज सारखे केले, कापड झाकलं. नॉर्म कुरकुरत, हातात चहाचा मग आणि खिशात बिस्किटं घेऊन धुण्याच्या खोलीत गेला. "हे शेवटचं," तो जाताना म्हणाला, "नाहीतर पुढच्या वेळी मी दोन्ही बाजूंना प्लॅटिपस असलेलं नाणं आणीन."

"या वेळी मीही ऐकतो," डेस म्हणाला. त्याने दुसरी खुर्ची ओढून तिच्यासमोर ठेवली. "आता लपवण्यासारखं काय उरलंय? फ्रिज बंद आहे ना? किल्ल्या आत?"

"बघते," ती म्हणाली.

स्वयंपाकघरात ओट्यावर उन्हाचा पट्टा होता. तिने फ्रिजचं दार उघडलं. आत अंधार होता, आणि कोमट होऊ लागलेल्या दुधाचा वास. किल्ल्या लोण्याच्या डबीशेजारी होत्या. तिने त्या उचलल्या. अजून गार होत्या, दातेरी, आणि मुठीत घट्ट धरल्यावर तळहाताला टोचल्या. मग तिने दार लावलं आणि भिंतीवरचं बटण खाली केलं. फ्रिज एकदा हादरला, गदगदला, आणि नेहमीची घरघर सुरू झाली. ती मूठ मिटून परत आली आणि खुर्चीत बसली. डेसने डोळे मिटले होते. त्याने ते उघडले.

"फ्रिज चालू आहे, लिन."

"हो."

"पण मग…"

गाणं सुरू झालं. अठरा बायका गाऊ लागल्या, त्यांच्याखाली फ्रिजची घरघर, आणि शेजारच्या अंगणात पुन्हा कोणीतरी दोरी ओढली आणि या वेळी यंत्र एकदम पेटलं. डेस तिच्याकडे बघत होता. चेहऱ्यावर राग नव्हता, अजून नव्हता. तो नुसता थांबला होता, मापाचा काटा स्थिर व्हायची वाट बघत थांबावं तसा. एकतिसाव्या सेकंदाला ती बाई खोकली.

"पहिलं!" भिंतीपलीकडून नॉर्म ओरडला, तोंडात बिस्किट होतं. "ए की बी?"

"मी जाणार आहे," मेरिलिन म्हणाली. फ्रिजवरून, यंत्रावरून, भिंतीपलीकडे त्या बहिऱ्या डाव्या कानापर्यंत पोचेल इतक्या मोठ्याने. "फेब्रुवारीच्या बारा तारखेला, तारावाला. तू आलास तर दोघं, नाहीतर मी एकटी."